आधी अंदाज विचारा, मग साहित्य हातात द्या

सर, तुम्ही विचारलंय की सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यात दुशिक्षकी शाळेवर आहात, तिसरी-चौथी एकत्र तुमच्याकडं, परिसर अभ्यास कृतीतून घ्या म्हणून ट्रेनिंगमध्ये सांगितलं पण प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, कृती काढली की वर्गात नुसता कालवा होतो, पुस्तक मागं राहतं, आणि एवढं करून मुलांना मजा येते पण कळलं काय ते समजत नाही. मी जतमध्ये सहा वर्षं काढली, मग शिराळ्याकडं होते, आता कृष्णाकाठी आहे, चोवीस वर्षं झाली पहिली ते चौथीच शिकवतेय, तर जे हातानं करून बघितलंय तेवढं सांगते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मजा आली पण कळलं नाही असं होतं तेव्हा बहुतेक वेळा मुलांनी हात लावायच्या आधी अंदाज केलेला नसतो. आपण काय करतो, साहित्य टेबलावर मांडतो, "आज आपण बघू हां" म्हणतो आणि करून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात. पण त्यांनी मनात काही धरलंच नव्हतं, तर जे झालं ते वेगळं झालं की तसंच झालं हे त्यांना कळणार कुठून? ज्या मुलानं "बुडणार" म्हणून हात वर केलाय त्यालाच तरंगणारं संत्र बघून धक्का बसतो, बाकीच्यांना ते नुसतं पाण्यातलं संत्र असतं. (संत्र सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं, हे करून बघाच, सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात हवा असते.) म्हणून माझा नियम असा की अंदाज फळ्यावर लिहिल्याशिवाय साहित्याची पिशवी उघडायची नाही. कोण काय म्हणालं ते नावासकट लिहायचं, आणि चुकीचा अंदाज नंतर पुसायचा नाही, तो तसाच राहू द्यायचा.

आता एक कृती नीट सांगते, तुम्ही हीच पहिली घ्या.

वाघ्या घेवडा आणा, आपल्या साताऱ्याकडं कोरेगावचा प्रसिद्ध आहे तो, तांबूस आणि अंगावर पट्टे असलेला. दाणा मोठा असतो, लहान बोटांत नीट बसतो. सोबत मूठभर हरभरा. रात्रभर भिजवायचा. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्यायचे, आतून वर्तमानपत्राची जाड घडी गोल लावायची, आणि कागद आणि ग्लासच्या मध्ये बी सरकवायची म्हणजे बाहेरून दिसते. पाणी फक्त तळाला, बोटभर. बी पाण्यात बुडाली तर कुजते आणि वास सुटतो, पहिल्या वर्षी माझ्याकडं निम्मे ग्लास असेच वाया गेले होते. एका ग्लासात चार बिया पण चार दिशांना तोंड करून, एक उभी, एक आडवी, एक उलटी, एक तिरकी.

मग विचारायचं, उलट्या बीचं मूळ कुठं जाईल? माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं म्हणतात वर जाईल. एक दोन जण म्हणतात बी मरेल. दोन-तीन दिवसात मूळ बाहेर पडतं आणि सगळी मुळं वळून खालीच जातात. तिथंच थांबायचं नाही. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लासाचं तोंड कागदानं बंद करून ग्लास आडवा करायचा आणि परत अंदाज घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळाच्या टोकाला काटकोनातला वाक दिसतो. एका वर्षी दुसरीतल्या एका पोरीनं तो वाक बोटानं हवेत काढून दाखवला आणि म्हणाली, "बाई, ह्याला डोळं न्हाईत तरी खाली कुठं हाय ते कसं कळतंय वो?" सर, हा प्रश्न मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी विचारलेला आहे, आणि तो तिला मी दिला नव्हता, तिचा तिला सुचला होता. मी तिला उत्तर दिलं नाही. "तूच सांग, आपण काय करून बघूया?" एवढंच म्हणाले. तिनं ग्लास पूर्ण उलटा टांगायला लावला.

पुढची गंमत आठव्या-नवव्या दिवशी. घेवडा वाकून, मान काढून वर येतो आणि बीच्या दोन पाकळ्या डोक्यावर घेऊन येतो. हरभऱ्याचं तसं नाही, त्याची डाळ खालीच राहते आणि नुसता कोंब वर येतो. हे मुलांनी स्वतः शोधायला पाहिजे, त्यामुळं दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. कुणीतरी म्हणतंच, "ह्यो बी डोक्यावर घेऊन आला, त्यानं खालीच ठिवली." मग मूग, मटकी, वाटाणा, मका असं घरून कोण काय आणेल ते लावायचं आणि डोक्यावर घेणारे आणि खाली ठेवणारे असे दोन गट करायचे. मूग-मटकी डोक्यावर घेतात, वाटाणा आणि मका खाली ठेवतात. वर्गीकरण हा शब्द न उच्चारता वर्गीकरण होतं.

यातच अंधाराचा प्रयोग जोडायचा. एक ग्लास खिडकीत, एक कपाटात. अंदाज विचारला की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, अंधारातलं उगवणार नाही. दहा दिवसांनी कपाट उघडतो तर अंधारातलं रोप खिडकीतल्यापेक्षा उंच! पिवळट, बारीक, पण उंच. एका वर्षी चौथीतल्या मुलानं लगेच वहीत लिहिलं, "अंधारात झाड चांगले वाढते." आता इथं शिक्षकाच्या जिभेवर उत्तर येतं, मला माहितेय, माझ्याही आलं होतं. मी तो ग्लास परत कपाटात ठेवला आणि म्हटलं अजून आठवडाभर बघूया. आठवड्यानं ते रोप ग्लासाच्या काठावरून आडवं लोंबत होतं, पानं नीट उघडलेलीच नव्हती. त्या मुलानं आधीच्या वाक्याखाली लिहिलं, "पण ते आजारी आहे. ते उजेड शोधायला पळत होते." बीमध्ये साठवलेलं अन्न उंच होण्यात संपलं हे त्याच्या भाषेत बरोबर बसलं होतं. मी पहिल्याच दिवशी खोडलं असतं तर हे दुसरं वाक्य आलंच नसतं.

दोन सावधगिरी. कच्चा घेवडा खायचा नसतो, त्यानं उलट्या होतात, हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि पहिली-दुसरीची बारकी मुलं बी नाकात-कानात घालतात, त्यांच्या हातात मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

आता कालव्याबद्दल. साहित्य हातात पडलं की कोण काही ऐकत नाही, मोठी माणसंसुद्धा ऐकत नाहीत, म्हणून सगळं बोलणं, सूचना, अंदाज आधी संपवायचं आणि साहित्य सगळ्यात शेवटी द्यायचं. गट चारचाच, सहाचा केला की दोघं नुसते बघे होतात. एक साहित्य आणणार, एक करणार, एक बघून बोलणार, एक वहीत काढणार, आणि दुसऱ्या दिवशी कामं फिरवायची, नाहीतर हुशार म्हणून नाव झालेला मुलगाच रोज करणार आणि मुली रोज लिहिणार, हे मी लई शाळांत बघितलंय आणि मला ते अजिबात आवडत नाही. राहिलेला आवाज कामाचा असतो, तो होऊ द्या. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर व्हरांड्यात किंवा लिंबाखाली बसा.

प्रश्न विचारण्यात पण आपलं चुकतं. "का?" हा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलाला दरडावल्यासारखा वाटतो, त्याला वाटतं बाईंना एक उत्तर पाहिजे आणि ते मला येत नाही. त्याऐवजी "तुला काय दिसलं?", "कालच्यापेक्षा काय बदललं?", "असं केलं तर काय होईल?" हे विचारा, याला प्रत्येकाकडं काहीतरी असतंच. आणि "कळलं का?" हे तर विचारूच नका, पन्नास तोंडं "होऽऽ" म्हणतात आणि आपली फसवणूक होते. विचारल्यावर थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गातली बोलणी रेकॉर्ड करून बघितली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबत होते, आणि तेच ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायला लागली, गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. मी मनात "एक पोतं हळद, दोन पोती हळद, तीन पोती हळद" म्हणते, तेवढ्यात बरोबर तीन सेकंद होतात.

साहित्याचं म्हणाल तर खरंच काही लागत नाही. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून त्रिकोण-चौकोन-घरं बनवायला शिकवलं, त्याची सुरुवात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात झाली, १९७२ ला तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा खेडेगावातल्या साध्या शाळाच होत्या. उलट मी एका शाळेत होते तिथं विज्ञान पेटी होती, पण तुटलं तर भरून द्यावं लागेल या भीतीनं ती कपाटात कुलपात. चार वर्षांत दोनदा उघडली, दोन्ही वेळा तपासणीच्या आदल्या दिवशी. माझ्याकडं आता बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात ग्लास, दोरा, भिंग, फुगे, चुंबक, टॉर्चचे सेल, आणि तो डबा मुलांच्या उंचीवर उघडा असतो.

कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) पण सांगते, कारण तुम्ही ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून आपलं ज्ञान आपण बांधायचं, हा शब्द ऐकलाच असेल. साताऱ्याच्या त्या शाळा बघायला सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षक जात होते, आम्हीही जीप करून गेलो. मुलं जमिनीवर बसून आपापलं काम करत होती, शिक्षक त्यांच्यात बसलेले. आम्ही परत आलो आणि फरशा रंगवल्या, कार्डं लॅमिनेट केली, पण प्रश्न विचारणारे आम्हीच आणि उत्तर सांगणारेही आम्हीच राहिलो. रंगवलेली फरशी पहिल्या आठवड्यात होते, गप्प राहायला शिकायला मला पुढची तीन-चार वर्षं लागली.

आणि आपल्याला स्वतःला बरोबर माहीत असणं, यावर मी थोडं जास्त बोलणार आहे. ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत वर चढतं. कित्येक वर्षं मी सांगत होते की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो म्हणून पाणी तेवढं चढलं. ट्रेनिंगला पण तसंच सांगितलं होतं. एका वर्षी चौथीतली एक मुलगी ताटलीला नाक लावून बसलेली, म्हणाली, "बाई, मेणबत्ती जळत होती तवा पाणी चढलंच न्हाई, विझल्यावर भसकन् चढलं. आणि आधी कडंनं बुडबुडं आलं." मी परत केलं. बरोबर होतं तिचं. ऑक्सिजन जळत असताना पाणी हळूहळू चढायला पाहिजे होतं ना? मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या, ग्लास तोच, म्हणजे हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढलं. त्या रात्री मी वाचून काढलं. ज्योतीनं ग्लासातली हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर जाते, ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते, मुख्य कारण हे. ज्योत विझते तेव्हा सगळा ऑक्सिजन संपलेला नसतोच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितलं की मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होते आणि हे हिच्यामुळं कळलं. वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवसापासून त्या वर्गातली मुलं माझं बोलणं तपासून घ्यायला लागली, आणि मला त्याचा फार आनंद आहे. मेणबत्ती अर्थात आपणच पेटवायची, केस आणि ओढण्या मागं बांधायला लावायच्या.

जतला तुमच्याकडं ऊन भरपूर आहे, त्याचा उपयोग करा. मैदानात १ मीटरची काठी सरळ रोवा, दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाला दगड ठेवायचा, प्रत्येक दगडावर खडूनं वेळ. सगळे म्हणतील बरोबर बाराला सावली सगळ्यात लहान होणार. ती होते साडेबाराच्या मागंपुढं. आमच्या शाळेत पोरं म्हणाली ऑफिसमधलं घड्याळ पुढं गेलंय. आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारी, आणि आपण त्याच्या पश्चिमेला सात-आठ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून सूर्य आपल्या डोक्याकडं अर्धा तास उशिरा येतो. हे कारण चौथीला झेपलं तर सांगा नाहीतर राहू द्या, पण बारा वाजता आणि साडेबाराला मोजलेली सावली त्यांच्या वहीत असू द्या. आणि दगडांची रांग वर्षभर ठेवता आली तर जरूर ठेवा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन मिळालं तर दुपारची सावली जेमतेम ११-१२ सेंटिमीटर आणि दक्षिणेकडं, डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ८५ च्या घरात आणि उत्तरेकडं. सावली बाजू बदलते हे आपल्यातल्या किती मोठ्यांना माहितेय? मध्ये शून्य सावलीचे दोन दिवस येतात, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आणि काठीला सावलीच नाही, मे महिन्यात ७-८ तारखेच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये ५-६ च्या आसपास, पण मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, तरी मेमध्ये घरी अंगणात तांब्या ठेवून बघायला सांगा, बघणारी मुलं असतात.

पाऊस मोजायचा असेल तर सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा, तळ वेडावाकडा असतो म्हणून आधी तिथपर्यंत खडे आणि पाणी भरून शून्याची खूण करा आणि पट्टी चिकटवा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर पत्र्यावर १ लिटर पाणी. तुमच्या मुलांना शाळेच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून गेलं हा हिशोब करायला लावा, टँकर बघितलेल्या मुलांना तो हिशोब सांगावा लागत नाही, ती स्वतः घागरी मोजतात.

आणि हळद. सांगलीच्या पेठेमुळं आपल्या जिल्ह्यात घराघरात कुणी ना कुणी हळदीशी जोडलेलं. हळदीत थोडं पाणी घालून साध्या कागदावर लेप द्या, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. साबणाचं पाणी, खायचा सोडा, राखेचं पाणी, लिंबू, चिंच, ताक, मीठपाणी, एकेक थेंब टाकायचा, अर्थात अंदाज आधी. साबण, सोडा, राख लाल करतात, लिंबू-चिंचेनं काही होत नाही, आणि लाल झालेल्या डागावर लिंबू पिळलं की परत पिवळं. चुन्याची निवळी वापरायची तर थेंब तुम्हीच टाका, डोळ्यात गेली तर वाईट. यात मला सगळ्यात आवडतो तो दुसरा दिवस, कारण मुलं घरी जाऊन सांगतात आणि दुसऱ्या दिवशी आई-आजीचं ज्ञान घेऊन येतात. हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो हे प्रत्येक आईला माहीत असतं. एका मुलाची आजी शाळेतच आली आणि हळदीत चुना घालून कुंकू कसं व्हायचं ते सांगत बसली, वर्ग अर्धा तास हलला नाही. "बाई शिकवत नाहीत, नुसतं खेळवतात" म्हणणारे पालक तुम्हालाही भेटतील, त्यांच्यासाठी पालक सभेत भाषण करू नका, ह्या पट्ट्या त्यांच्या हातात द्या.

पुस्तक मागं राहण्याची काळजी करताय, तर रोज नवी कृती काढू नका. आठवड्या-दोन आठवड्याला एकच, पण रोज परिपाठानंतर पाच-सात मिनिटं बघण्याची. घेवड्यातच पाणी, हवा, उजेड, वनस्पतीचे भाग, मोजमाप, सगळं येऊन जातं, नंतर पुस्तकातला तो धडा मुलं दोन तासिकांत वाचून काढतात कारण त्यात नवीन काही राहिलेलंच नसतं. वहीत तारीख आणि चित्र, खाली मुलाच्या शब्दात एक वाक्य. लाल पेन लावायचं नाही. पहिल्या दिवशी मुलं मूळ म्हणून एक सरळ रेघ काढतात, कारण त्यांच्या डोक्यातलं मूळ सरळ असतं, पाचव्या-सहाव्या दिवशी त्या रेघेला बारीक केस फुटतात, वाक येतो. साहेब तपासणीला आले तर त्याच वह्या पुढं ठेवा.

परिसरात पानं गोळा करायला नेलंत तर गाजरगवत आणि रुईला हात लावू देऊ नका, कण्हेर तर नकोच, आणि आल्यावर हात धुवायचे.

तर सोमवारी सुरू करा. रविवारी संध्याकाळी घेवडा आणि हरभरा भिजत घाला, मुलांच्या संख्येपेक्षा दहा दाणे जास्त, काही उगवत नाहीत. आणि फळ्याचा एक कोपरा अंदाजांसाठी आखून ठेवा, त्यावर "पुसू नये" लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा वर्गप्रमुख सकाळी येऊन पहिल्यांदा तोच पुसतो.